चारी बाजूंनी समुद्र

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली पहिली तेरा वर्षं समुद्र न पाहता शिकवला. आज हे बिनधास्त सांगते. तेव्हा हेडमास्तरांसमोर सांगायची छाती नव्हती. फळ्यावर निळ्या खडूने लाटा काढायच्या, मध्ये एक नारळाचं झाड उभं करायचं, जिच्या चारी बाजूंना पाणी असतं त्या जमिनीला बेट म्हणतात असं म्हणायचं आणि पान उलटायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी चौथीतल्या एका पोरीने विचारलं, "बाई, समुद्राचं पाणी खरंच निळं असते, का तुमचा खडू निळा हाये?" मी तिला खाली बसवलं. मास्तरकीत उत्तर येत नसलं की पोराला खाली बसवायचं, ही फार चांगली सोय आहे. ती बसली, पण मला टोचणी लागली ती लागलीच. माझं माहेर मौद्याजवळचं. कन्हान नदीला पूर आला की आमच्याकडचे लोक म्हणायचे, समुद्र झाला समुद्र. माझ्या वाट्याला तेवढाच आला होता.

दोनेक वर्षांनी लग्न होऊन मी नागपूरच्या नंदनवन वस्तीत आले. तेव्हा तिथे चार घरं इकडे, चार घरं तिकडे आणि मध्ये बाभळी. आमचे हे केंद्र सरकारच्या एका कचेरीत बाबू होते. नव्या नवलाईत नवरा विचारतो तसं यांनीही विचारलं, तुला काय पाहिजे. माझ्या मैत्रिणींनी अशा वेळी पाटल्या मागितल्या होत्या. मी समुद्र मागितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, गेल्या पाटल्या आणि समुद्रही गेला. मग खाकरून म्हणाले,

"पाहाचाच हाये तं असा पाहू, का चारी बाजूनं समुद्रच दिसला पाहिजे. मी तुले बेटावर नेतो. अंदमानले. पण एक कबूल कर. तोवर दुसरीकडचा समुद्र पाहाचा नाही."

मी कबूल केलं. नवीन नवरी, नवरा बेटावर नेतो म्हणतो. नाही म्हणायला मी काय वेडी होते? हे कबूल करणं पुढे अकरा वर्षं माझ्या मानगुटीवर बसलं.

तर यांच्या कचेरीत चार वर्षांतून एकदा देशात कुठेही जायचं भाडं सरकार द्यायचं. त्याला सगळे एल.टी.सी. म्हणत. बाकीचे बाबू कन्याकुमारीला जायचे, नाहीतर काश्मीरला, आणि सगळ्यांच्या बायका पुढच्या हिवाळ्यात एकसारख्या शाली पांघरून दिसायच्या. एकदोघे तर म्हणे घरीच बसून काश्मीर करून यायचे. आमचे हे तसले नव्हते. इतके सरळ, की बेटाच्या कामासाठी फाईलसुद्धा बर्डीच्या बाजारातून स्वतःच्या पैशाने विकत आणली. वर सुंदर अक्षरात लिहिलं, 'विषय: बेट प्रवास (सपत्नीक)'. आत डाव्या बाजूला टिपणं, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, लाल फीत, सगळं कायद्याने.

आता गंमत पाहा. मी रात्रीच्या भाकरी थापताना विचारायचे, कधी जायचं हो? ते ऐकून घ्यायचे, हात धुवायचे आणि फाईलीत लिहायचे, 'पत्नीकडून तोंडी विचारणा. चर्चा करावी.' दुसऱ्या दिवशी खाली लिहिलेलं असायचं, 'चर्चा झाली.' कोणाची झाली, कोणाशी झाली, देवाला माहीत. मला तर कोणी बोलावलं नव्हतं. पुन्हा विचारलं की 'पत्नीचे स्मरणपत्र, दुसरे.' तेविसाव्या स्मरणपत्रापर्यंत मी मोजलं, मग सोडून दिलं. आमच्या घरात पाळणा काही हलला नाही. त्याचं दुःख होतं, दोघांनाही होतं. फाईल मात्र बाळसं धरत गेली.

त्या फाईलीत काय नव्हतं? जहाजावर तुरीची डाळ शिजते का. नसल्यास सोबत न्यावी का. नेल्यास कोणत्या भांड्यात. खोबरेल तेलातली भाजी नागपूरच्या पोटाला झेपेल का; डॉक्टरांचं मत घ्यावं. जहाजाच्या कप्तानाला भेट म्हणून संत्रा बर्फी. किती, ते नंतर ठरवावं. मद्रासच्या जहाज कचेरीला हे इंग्रजीत पत्र लिहायचे. सहा महिन्यांनी चार ओळींचं उत्तर यायचं. त्या चार ओळींतून यांना सात नव्या शंका निघायच्या आणि पुन्हा पत्र जायचं. हे आणि तिथला कोणी बाबू एकमेकांशी इतक्या प्रेमाने पत्रव्यवहार करायची, की मला कधी कधी सवत आल्यासारखं वाटायचं.

लकडगंजात एक लाकडाचा व्यापारी यांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडे अंदमानातून लाकूड येतं असं कळल्यावर हे लगेच माहिती घ्यायला गेले, मला घेऊन. त्याने लालसर रंगाची एक लांब फळी दाखवली, तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "बाबूजी, वहाँ से लकड़ा आता है. आदमी काहे को जाएगा?" यांनी तीच फळी विकत घेतली आणि घरी व्हरांड्यात बंगई टांगली. झोपाळ्याला आमच्याकडे बंगई म्हणतात. बंगई बसायला नव्हती हं. जहाज हलतं, मळमळतं, तर त्याची सवय व्हावी म्हणून होती. रोज संध्याकाळी अर्धा तास मी बंगईवर बसायचं आणि यांनी आडव्या दिशेने झोके द्यायचे, कारण लाट म्हणे आडवी येते. शेजारच्या बाया भाजी निवडायचं ताट घेऊन समोर येऊन बसायच्या. मास्तरीणबाईला नवरा रोज झोके देतो, केवढं सुख, असं त्यांना वाटायचं. मला उलटी यायला व्हायची, पण सुखाचा गैरसमज कोण दूर करतं?

मग एका रविवारी अंबाझरीच्या तलावावर नावेचा सराव ठरला. मी नावेत बसले. यांनी पाय पुढे टाकला, मागे घेतला, आणि म्हणाले, कोणीतरी डब्याजवळ पाहिजे. डब्यात पोहे होते. पोह्यांना पहारा देत ते काठावर उभे राहिले आणि मी एकटी नावाड्यासोबत तलाव फिरून आले. परत आले तर हातात घड्याळ आणि फाईल उघडी. 'नावेत वीस मिनिटे. मळमळ: नाही.' अहो, पण सराव तुमचा कोण करणार, असं मी विचारलं. माझा होऊन जाईन, म्हणाले. तेव्हा मी पोहे खात होते, म्हणून माझं लक्ष गेलं नाही. भूक लागली की माझी अक्कल झोपते, हे माझी आई सांगायचीच.

अशात मुंबईला माझ्या धाकट्या बहिणीच्या दिराचं लग्न निघालं. कार्यालयापासून समुद्र दहा मिनिटांवर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळं वऱ्हाड नवे कपडे घालून समुद्र पाहायला निघालं. मी म्हटलं, माझं डोकं दुखतं. बहीण माझ्याजवळ बसली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, खरं सांग. मी खरं सांगितलं. ती आधी हसली, मग चिडली, मग म्हणाली, तुझ्या नवऱ्याला सांग, समुद्र काही उष्टा होत नाही. सगळे गेले. खिडकीतून खारट, ओला वास येत होता. मी उठून खिडकी लावून घेतली. आज आठवलं तरी स्वतःचा राग येतो. शब्द पाळला म्हणून मला कोणी हार घालणार नव्हतं. यांनी फाईलीत फक्त लिहिलं, 'पत्नीने अट पाळली.' आणि सही केली.

दोन एल.टी.सी. अशाच वाया गेल्या. तिसरीही संपत आली होती. एक दिवस शाळेत मधल्या सुट्टीत एक मोठी मुलगी भेटायला आली. हातात हिरवा चुडा, सोबत लाजरा नवरा. ओळखलं का बाई, म्हणाली. मी नाही ओळखलं. तीच ती, निळ्या खडूवाली. लग्नानंतर देवदर्शनाला जगन्नाथपुरीला जाऊन आली होती. माझ्या पाया पडली आणि एवढ्या वर्षांचं राहिलेलं उत्तर मलाच देऊन टाकलं: "बाई, निळं नसते. मातीच्या रंगाचं असते."

मी तिला पेढा दिला. घरी गेले, चपला काढल्या नाहीत, यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं की या उन्हाळ्यात बेट, नाहीतर मी एकटी मुंबईला जाते आणि तो समुद्र पाहते जो म्हाताऱ्या-कोताऱ्यांनीही पाहिला आहे. यांनी फाईल उघडली. मी ती बंद केली. आयुष्यात पहिल्यांदा त्या फाईलीला मी हात लावला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, फाईलीला हात लावला म्हणून.

मे महिना ठरला. दुसरा कोणता ठरणार होता? शाळेला सुट्टी मे मध्ये. पापड-कुरड्या होऊन जातात त्या मे मध्ये. नागपूरचा माणूस घराबाहेर पडतो तोच मे मध्ये, कारण घरात बसवत नाही. बाहेर पडायचं ते मे मध्ये आणि पाऊस यायचा तो मृगात, हे आमच्या हाडात मुरलेलं. यांनी तसं टिपणही केलं होतं, 'पावसाला महिनाभर अवकाश आहे.' आणि त्यावर माझं, भूगोलाच्या शिक्षिकेचं, मत घेतलं होतं. मी बरोबर म्हणून सांगितलं होतं. आमच्या पुस्तकात पाऊस केरळात सुरू व्हायचा. त्याच्या आधी तो कुठे असतो, हे पुस्तकाने विचारलं नव्हतं आणि मीही नाही.

जायच्या आधी सासूबाई गावाहून आल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की पोराला अंदमानला पाठवतायत. त्या व्हरांड्यातच बसल्या, पाणीही घेतलं नाही, आणि हळू आवाजात लेकाला विचारलं, "काय केलं गा तुनं? काळ्या पाण्यावर काहून धाडून राहिले तुले?" यांनी समजावलं की सरकार भाडं देतं. त्या म्हणाल्या, तेव्हाही सरकारच द्यायचं. मग माझ्याकडे वळल्या. पाण्यात जायचं तर नऊवारी लुगडं नेस, म्हणाल्या, पाण्यात लुगडंच कामाचं. मी म्हटलं, मद्रासला लुगडं नेसून गेले तर लोक हसतील. ट्रंकेत ठेवलेलं लुगडं मी त्यांच्या पाठीमागे काढून टाकलं आणि नव्या फॅशनची फुलांची पाचवारी गोल साडी घातली. मोठी शहाणी मी.

निघालो तेव्हा निम्मं नंदनवन स्टेशनवर. दोघी-तिघी तर रडल्या. गाडीत दीड दिवस भट्टीत बसल्यासारखं वाटलं. कप्तानाची संत्रा बर्फी वारंगळच्या पुढे वितळली आणि सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबीरवडीच्या, डब्यात उतरली. आम्ही दोन्ही एकत्रच खाल्लं.

मद्रासला जहाज कचेरीच्या खिडकीमागे एक बाबू बसला होता. तोच चष्मा, तीच दोन रंगांची पेनं खिशाला, तीच मान वाकडी करून बघायची तऱ्हा. आमच्या यांचा जुळा भाऊ मद्रासला कसा आला, असं मला वाटून गेलं. यांनी फाईल पुढे केली. त्याने ती पहिल्या पानापासून वाचली. मागे रांग लागली तरी वाचत राहिला. मधूनच मान डोलवायचा. शेवटी फीत नीट बांधून, दोन्ही हातांनी फाईल परत दिली आणि इंग्रजीत म्हणाला, जे मला शब्दाला शब्द कळलं, की फाईल उत्तम आहे, पण जहाज नाही. बेटांवर पाऊस सुरू झालाय, समुद्र खवळलाय, जहाज कधी सुटेल सांगता येत नाही. हे म्हणाले, पाऊस तर जूनमध्ये येतो. तो म्हणाला, तुमच्याकडे. भूगोलाच्या शिक्षिकेने खिडकीजवळच्या पंख्याकडे पाहिलं.

आम्ही स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये वाट पाहत बसलो. तीन दिवस. समुद्र असलेल्या गावात तीन दिवस बसून मी भिंतीवरची पाल पाहिली. हे रोज सकाळी जहाज कचेरीत जायचे आणि मला वाटायचं तसे हिरमुसून नाही, चांगले हलके होऊन परत यायचे. आजही नाही, म्हणायचे, आणि दोन इडल्या जास्त खायचे. चौथ्या दिवशी मी केस विंचरले, साडी नीट केली आणि चपला घातल्या.

"मी समुद्रावर चालली," मी म्हटलं. "तुम्ही बसा तुमच्या फाईलजवळ."

मी हाताने लाटांच्या खुणा करत विचारत विचारत गेले. मागे वळून पाहिलं तर दहा पावलांवर हे, एका हातात छत्री, दुसऱ्या बगलेत फाईल. रस्ता संपला, वाळू लागली, आणि मला दिसला. काय सांगू? मी तेरा वर्षं मुलांना व्याख्या पाठ करायला लावल्या, पण तिथे एकही कामी आली नाही. मला रडू आलं. भर उन्हात, अनोळखी माणसांत, मी तोंडाला पदर लावून रडले. जवळ तो मातकट होता, त्याच्या पलीकडे हिरवा, आणि पार लांब, जिथे आभाळ टेकतं तिथे, माझ्या खडूसारखा निळा. म्हणजे दोघींचंही बरोबर होतं. हे कोणाला तरी लगेच सांगावं म्हणून मी वळले.

हे लांब उभे होते, उकडलेले चणे विकणाऱ्याच्या गाडीला धरून. मी हाक मारली. आले नाहीत. मला वाटलं, रुसले. मी तावातावाने परत गेले, आज या माणसाला सोडायचंच नाही असं ठरवून. जवळ गेले तर त्यांनी पाण्याकडे पाठ केली होती. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. चणेवाला आपल्या गाडीतलं पाणी त्यांना देत होता.

"मले पाण्याचं भेव वाटते वं," ते म्हणाले. "लहानपणी विहिरीत पडलो होतो. तवापासून."

माझं डोकं भणभणलं. अंबाझरीचे पोहे, आडवे झोके, तेवीस स्मरणपत्रं, बंद केलेली खिडकी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. अकरा वर्षं! मग मला कशाला अडवलं, मी ओरडले, मला पाहू दिला असता मुंबईचा, तुमच्या बापाचं काय जात होतं? चणेवाल्याला मराठी येत नव्हतं, पण तोही दोन पावलं मागे सरकला. यांनी मान खाली घातली.

"तू एकटी पाहून आली असती तं मी कायमचाच राहून गेलो असतो," ते म्हणाले. "मले वाटे, सारी तयारी झाली का भेव जाईन. तयारी झालीच नाही."

राग होताच. राग आजही थोडा आहे. त्यांना तिथेच सोडून मी पुन्हा पाण्याकडे निघाले. थोड्या वेळाने मागून वाळूत पावलं घासत आल्याचा आवाज आला. ओल्या वाळूची रेघ जिथे सुरू होते, तिथे ते थांबले. फाईल खाली ठेवली. वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर माझ्या चपला ठेवल्या. अकरा वर्षांत ती फाईल मी पहिल्यांदाच जमिनीवर पाहिली. मग त्यांनी माझ्या पदराचं टोक दोन्ही हातांत धरलं, मनगटाला एक वेढा दिला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"जाय तू," म्हणाले. "मी धरून राह्यतो."

मी पुढे गेले. पहिलं पाणी बोटांना लागलं, दुसरं घोट्याला, आणि पदर ताणला. मागे पाहिलं तर ते तसेच, डोळे मिटलेले, पाय वाळूत रोवलेले, आता कोणी हत्ती लावला तरी टोक सोडणार नाहीत असे. सोडा, असं मला सहज म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. घोटाभर पाण्यात, तिथेच, मी पुष्कळ वेळ उभी राहिले. सासूबाईंचं ऐकून लुगडं नेसले असते, तर आणखी चार वार आत गेले असते.